मधमाशीपालन शिकायचंय? नागपूरच्या नव्या मधपाळांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहरातून आणि काटोल, कळमेश्वर, सावनेर, रामटेक या भागांतून नवे लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. क्रमाने वाचायची गरज नाही. ‘प्रशिक्षण झालं, सर्टिफिकेट मिळालं, आता काय?’ असं विचारणाऱ्यांनी मात्र मार्गदर्शकाबद्दलचे प्रश्न आधी वाचावेत. बहुतेकांची गाडी तिथेच अडते.

आधी पेटी घेऊ की आधी प्रशिक्षण?

दोन्हींच्या आधी एखाद्या मधपाळाच्या पेट्यांजवळ एक सकाळ घालवा. चेहऱ्यावर बुरखा आहे, हातात माश्यांनी भरलेली पोळ्याची चौकट आहे आणि कानाशी घूं घूं चाललंय, अशा वेळी आपला हात स्थिर राहतो का, हे वर्गात बसून कळत नाही. काहींना तिथेच कळतं की हे आपलं काम नाही. तेही बरंच, पैसे वाचले.

त्यानंतर प्रशिक्षण, आणि पेटी सगळ्यांत शेवटी. पुष्कळ जण उलटे जातात. कृषी प्रदर्शनात पेटी दिसते, विकणारा गोड बोलतो, पेटी घरी येते आणि मग फोन येतो, ‘काका, आता यात काय टाकायचं?’

प्रशिक्षण कुठे मिळतं?

देशपातळीवरचं जुनं ठिकाण म्हणजे पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची ही संस्था १९६२ पासून चालू आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. पण दर वेळी तिकडे जावं लागतंच असं नाही. नागपुरात आयोगाचं विभागीय कार्यालय आहे, मंडळाचे जिल्हा ग्रामोद्योग अधिकारी आहेत, महाराजबागेचं कृषी महाविद्यालय आहे आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थेकडे चालणारं कृषी विज्ञान केंद्र आहे. पुढचा वर्ग कधी लागणार, याची चौकशी या ठिकाणी स्वतः जाऊन करा. फोनवर ‘कळवू’ म्हणतात. समोर बसलेल्याचं नाव यादीत लिहिलं जातं.

वर्ग निवडताना एकच विचारा: पेटी प्रत्येकाला स्वतःच्या हाताने उघडायला मिळते का? नुसत्या स्लाइड असतील तर चहा पिऊन परत या.

वर्गात सगळं शिकवतात ना? मग मार्गदर्शक कशाला?

वर्गात पाया पक्का होतो. राणी, कामकरी आणि नर कसे ओळखायचे, मेलिफेरा या परदेशी माशीची राणी १६ दिवसांत, कामकरी २१ आणि नर २४ दिवसांत कसा तयार होतो, पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या, वाढतो तो कक्ष कुठला, मध साठतो ती मधकोठी कुठली, धूर देणारा धूम्रक कसा पेटवायचा. हे सगळं आलंच पाहिजे.

वर्गात येत नाही ते म्हणजे वर्ष. प्रशिक्षण बहुधा चांगल्या हंगामात होतं, पेट्या भरलेल्या असतात, माश्या शांत असतात. शिवाय पुण्याचं किंवा महाबळेश्वरचं हवामान वेगळं. महाबळेश्वरच्या जंगलातलं मधाचं वेळापत्रक काटोलच्या संत्र्याच्या बागेला लावलं तर मे महिन्यात पेटी रिकामी व्हायची वेळ येते. उष्ण, कोरड्या वैदर्भी उन्हाळ्यातून आणि त्यानंतरच्या उपाशी पावसाळ्यातून वसाहत, म्हणजे पेटीतलं माश्यांचं कुटुंब, बाहेर काढणं हाच इथला खरा अभ्यासक्रम. तो शिकायला इथल्याच माणसाच्या मागे एक पूर्ण वर्ष चालावं लागतं.

मार्गदर्शक नेमकं काय करतो?

पहिल्या भेटीला पेटी तो उघडतो आणि तुम्ही बघता. दुसऱ्या भेटीला तुम्ही उघडता आणि तो हात पाठीमागे बांधून उभा राहतो. चांगला मार्गदर्शक या दुसऱ्या प्रकारात ओळखू येतो, कारण शिकाऊ माणूस चौकट तिरपी धरतोय हे बघून गप्प राहणं सोपं नसतं.

चौकट वाचायला शिकवणं हे त्याचं मोठं काम. नवा माणूस पेटी उघडली की राणी शोधत बसतो. सगळ्या चौकटी बाहेर, माश्या बिथरलेल्या, पिलावा उन्हात, आणि राणी कुठल्यातरी कोपऱ्यात लपलेली. जुना मधपाळ म्हणतो, राणी सोडा, अंडी दाखवा. सूर्य पाठीशी घेऊन, खांद्यावरून ऊन पोळ्याच्या घरांत पडेल अशी चौकट धरली की घराच्या तळाशी उभं, तांदळाच्या कणीहून बारीक अंडं दिसतं. अंडं तीन दिवसांत फुटतं, म्हणजे निदान तीन दिवसांपूर्वीपर्यंत राणी होती. चौकट परत आत, झाकण बंद, काम झालं. एका घरात तीन-चार अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली तर प्रकरण वेगळं: राणी गेली आहे आणि कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. हा फरक एकदा कुणी बोटाने दाखवला की जन्मभर विसरत नाही. पुस्तकातल्या चित्रावरून तो पटकन डोळ्यात भरत नाही.

दुसरं काम म्हणजे वही. तारीख, किती चौकटींवर माश्या, किती चौकटींवर पिलावा, पराग आला का, मध किती, शेजारी काय फुललंय. दर भेटीला मार्गदर्शक आधी वही मागतो, मग पेटीकडे जातो.

तिसरं काम, नको ते करू न देणं. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच रोज पेटी उघडावीशी वाटते. दर वेळी उघडलं की आतली ऊब जाते, वास बदलतो, माश्यांना नीटनेटकं करायला अर्धा दिवस लागतो. आठ-दहा दिवसांतून एकदा पुरे. बाकी वेळ प्रवेशद्वारासमोरून नव्हे, बाजूला बसून बघा: पायांवर पराग घेऊन किती माश्या येतात, दारात भांडण आहे का, पेटीच्या तळपाटावर काय पडलंय.

व्हॉट्सअपवर फोटो पाठवून चालत नाही का?

काही वेळा चालतं. पोळं पोखरणाऱ्या मेणकिड्याची जाळी किंवा नवी राणी वाढते ते राणीघर फोटोत स्पष्ट दिसतं. पण सडलेल्या पिलाव्याचा वास फोटोत येत नाही, आणि पेटी उचलल्यावर ती हलकी लागली की जड, हेही येत नाही. फोटो पाठवायचाच तर चौकटीचा जवळून, दोन्ही बाजूंचा, तारखेसह पाठवा. नुसत्या बंद पेटीचा फोटो आणि खाली ‘काय झालं असेल जी?’ असं आलं की आम्ही फक्त नमस्काराची खूण पाठवतो.

मार्गदर्शक कसा ओळखायचा?

त्याच्या पेट्या मे आणि ऑगस्टमध्ये बघायला मागा. फेब्रुवारीत सगळेच हुशार दिसतात.

‘किती मध काढला’ यापेक्षा ‘गेल्या वर्षी किती वसाहती गेल्या आणि कशामुळे’ हे विचारा. सरळ उत्तर देणारा माणूस धरून ठेवा. पहिल्याच भेटीत वीस पेट्या विकायला बसलेला माणूस व्यापारी आहे. व्यापार वाईट नाही, पण ते मार्गदर्शन नव्हे. आणि शक्यतो दहा-पंधरा किलोमीटरच्या आतला माणूस बघा. तुमच्याकडे जे फुलतं तेच त्याच्याकडेही फुलत असलं पाहिजे.

त्याला पैसे द्यायचे का?

येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण तरी द्याच. काही जुने मधपाळ फीऐवजी हंगामात हाताखाली काम मागतात: चौकटी धुणं, मधयंत्र फिरवणं, रात्री पेट्या गाडीत चढवणं. हा सौदा तुमच्याच फायद्याचा आहे.

कोणत्या माश्या पाळायच्या?

पेटीत दोनच जाती राहतात: आपली सातेरी, जिला सातपुडीही म्हणतात, आणि परदेशातून आणलेली मेलिफेरा, म्हणजे बोलण्यातली ‘इटालियन’. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्यांना पेटीत घालता येत नाही. पोया नावाची इवलीशी बिनडंखाची माशी भिंतीच्या भोकात राहते; तिचा मध जेमतेम, पण मुलांना दाखवायला छान.

सातेरी कमी फुलोऱ्यावर भागवते, एका जागी ठेवायला बरी, पण मनाविरुद्ध काही झालं की घर सोडून जाते. मेलिफेराची वसाहत मोठी होते आणि मध जास्त देते. मात्र तिला सतत फुलोरा हवा, म्हणून पेट्या गावोगाव हलवाव्या लागतात, आणि व्हरोआ नावाच्या परजीवी कोळ्यावर लक्ष ठेवावं लागतं. हौशी माणसाला आणि छोट्या शेतकऱ्याला आम्ही सातेरीच सुचवतो. काही अनुभवी लोक उलटं सांगतील, त्यांचंही ऐका. मात्र त्यांच्याकडे पेट्या वाहून न्यायला गाडी आहे का, ते बघून घ्या.

वसाहत दुरून, अनोळखी माणसाकडून विकत घेऊ नका. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणात संपवल्या. त्यावर औषध नाही, रोगी वसाहत गावात न आणणं हाच उपाय.

किती पेट्यांनी सुरुवात करू?

दोन. एकच असेल तर तुलना करता येत नाही, ती अशक्त आहे की हंगामच वाईट आहे हे कळत नाही. शिवाय एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची चौकट देता येते आणि माश्या स्वतःच नवी राणी वाढवतात. दहा पेट्या पहिल्याच वर्षी नकोत, सरकारी योजनेत मिळत असल्या तरी आधी दोन सांभाळून दाखवा.

नागपुरात कोणत्या महिन्यात सुरू करावं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस ओसरलेला असतो, तूर फुलायला लागते, माश्यांना पराग मिळतो आणि वसाहत वाढते. थंडीत मोहरी, जवस, धने. धन्याचा पट्टा जवळ असेल तर नशीबवान आहात. जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यातला फुलोरा, आणि मग मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब, जांभूळ, करंज. मध काढायचा तो साधारण याच काळात.

मे उपाशी, आणि जुलै-ऑगस्टही जवळजवळ उपाशी. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाचा फुलोरा, धरलेल्या बागा जवळ असतील तर जून-जुलैत थोडा आधार मिळतो, पण पावसाची झड लागली की माश्या बाहेरच पडत नाहीत. जूनमध्ये पेटी विकत घेणारा माणूस चार महिने साखर विकत घेतो.

आपल्या भोवतालचा फुलोरा स्वतः लिहून काढा. सातेरी साधारण एक ते दीड किलोमीटरपर्यंत जाते, मेलिफेरा दोन-तीन. तेवढ्या वर्तुळात वर्षभर काय फुलतं, याची यादी केलेली असली तर मार्गदर्शकाचं निम्मं काम झालेलं असतं.

४५-४६ अंशांत माश्या जगतात का?

जगतात, पण राबतात फार. पिलाव्याला ३४-३५ अंश तापमान लागतं. बाहेर ४५ झालं की वसाहतीचं काम उलटं होतं: मकरंद सोडून माश्या पाणी आणतात, घरांवर त्याचे थेंब ठेवतात आणि पंखांनी वारा घालून आतली हवा थंड करतात. २० मे हा जागतिक मधमाशी दिन. त्या दिवशी इकडे कार्यक्रम असतात, आणि नेमक्या तेव्हाच नागपूरच्या माश्यांना मान वर करायला फुरसत नसते.

तुम्ही करायचं ते असं. पेटी दाट सावलीत ठेवा, आंब्याखाली किंवा चिंचेखाली. टिनाच्या शेडखाली अजिबात नको. तोंड पूर्वेकडे करा, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारचं चुकतं. वर ओलं पोतं टाका, दिवसातून दोन-तीनदा भिजवा, पण वारा जायची वाट बंद करू नका. पाणी जवळच ठेवा, उथळ भांड्यात, बुडू नयेत म्हणून काटक्या किंवा गोटे टाकून. भांडं एकदाही कोरडं पडू देऊ नका. ते कोरडं पडलं की माश्या शेजाऱ्याच्या कूलरच्या ताट्यांवर जातात आणि एकदा ती जागा लक्षात बसली की हटत नाहीत. उन्हाळ्यात येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या कूलरच्याच असतात.

दुपारी पेटी उघडू नका. उष्णतेने मेण मऊ झालेलं असतं. मधाने जड पोळं आडवं धरलं की चौकटीतून सुटून खाली पडतं आणि खाली राणीही असू शकते. तपासणी पहाटे उजाडताच. आणि एप्रिलमध्ये सगळा मध काढून घेऊ नका, त्यांच्या मे महिन्याचं राशन त्यांच्यापाशी राहू द्या.

पावसाळ्यात काय द्यायचं?

साखरपाक, साखर आणि पाणी सारख्या प्रमाणात, गार करून, संध्याकाळी, पेटीच्या आत. दिवसा किंवा उघड्यावर ठेवला तर बाकी वसाहतींच्या माश्या लुटालूट करतात आणि अशक्त पेटी संपते. मधाचा हंगाम लागायच्या आधी साखर बंद करा, नाहीतर तुमच्या मधात साखर येईल आणि प्रयोगशाळेत ती पकडली जाईल.

मेणकिडा याच दिवसांत येतो. अशक्त वसाहतीच्या रिकाम्या, काळ्या पडलेल्या पोळ्यांत तो जाळी विणतो. माश्या नसलेलं पोळं पेटीत ठेवू नका, तळपाट आठवड्याला झाडा. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी.

माश्या पेटी सोडून गेल्या. काय चुकलं?

याला घरत्याग म्हणतात, आणि सातेरीत तो होतोच. कारणं बहुधा चारपैकी एक: उपासमार, मुंग्या किंवा मेणकिडा, ऊन, किंवा मालकाची उठाठेव. नवी वसाहत बसवल्यावर पहिले काही दिवस दारावर राणीरोधक जाळी लावा. राणी अडली की बाकीच्याही थांबतात. पण आत अन्न नसेल तर जाळीचा उपयोग नाही.

गच्चीवर पेटी ठेवू का?

शहरातल्या उघड्या स्लॅबवर मे महिन्यात नको. लेआऊटमध्ये झाडांचा प्लॉट असेल तर जमतं, पण आधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी बोला. माश्यांची ये-जा कुणाच्या दारावरून किंवा कपडे वाळत घालायच्या दोरीवरून होणार नाही असं तोंड ठेवा. समोर उंच कुंपण असलं की त्या वरूनच उडतात. घरात कुणाला डंखाची तीव्र अॅलर्जी असेल तर विषय तिथेच संपवा.

डंख बसला तर?

काटा ताबडतोब काढा, नखाने खरवडून. तो त्वचेत राहिला की विष आत जात राहतं. मग थंड पाण्याची पट्टी. डंखाच्या जागी धोक्याचा वास सुटतो आणि बाकीच्या माश्याही तिथेच धावतात, म्हणून त्या जागेवर थोडा धूर द्या आणि पेटीपासून दूर जा. हा वास पिकल्या केळीसारखा असतो. म्हणून पेटीकडे जायच्या आधी केळं खाऊ नका, ही जुन्या लोकांची सूचना उगाच नाही.

जागेवर सूज आणि खाज येणं नेहमीचं. अंगभर पित्त, ओठ किंवा जीभ सुजणं, श्वास अडकणं, चक्कर यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ दवाखान्यात न्या. तिथे अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. पूर्वी असं झालेल्यांनी प्रशिक्षणाचा फॉर्म भरण्याआधी डॉक्टरांना भेटावं.

शेजारच्या शेतात फवारणी होते. पेट्या वाचतील?

आमच्याकडे, म्हणजे कापूस-संत्र्याच्या पट्ट्यात, वसाहत मरण्याचं हे मोठं कारण आहे. पेटीसमोर जीभ बाहेर आलेल्या माश्यांचा सडा दिसला की विषबाधा समजा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कापसावर आणि संत्र्यावर नेहमी वापरली जाणारी औषधं माश्यांना फार विषारी आहेत.

भांडून काही मिळत नाही. हंगामाच्या आधीच शेजाऱ्याकडे मधाची बाटली घेऊन जा आणि दोनच गोष्टी मागा: फुलोऱ्यात फवारू नका, आणि फवारायचंच असेल तर आदल्या दिवशी सांगून, सूर्य मावळल्यावर फवारा. सांगितलं तर रात्री दार जाळीने बंद करून पेटी सावलीत ठेवता येते, नाहीतर तीन-चार किलोमीटर दूर हलवता येते. माश्यांमुळे त्याच्या तुरीला, मोहरीला, भोपळा-काकडीला फळधारणा चांगली होते, हेही सांगा.

अनुदान मिळतं का?

राज्याच्या मध केंद्र योजनेत खादी मंडळाकडून मोफत प्रशिक्षण आणि साहित्याच्या रूपात ५० टक्के अनुदान मिळतं. उरलेले ५० टक्के आपले. वैयक्तिक मधपाळ साक्षर आणि १८ वर्षांवरचा असावा लागतो, स्वतःची शेती असेल तर प्राधान्य. केंद्रचालक व्हायचं तर दहावी पास, वय २१ च्या वर आणि कुटुंबाच्या नावावर किंवा भाड्याने किमान एक एकर शेत. आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि व्यवसाय सुरू करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. खादी आयोगाचं हनी मिशन २०१७ पासून वेगळं चालतं. केंद्र सरकारच्या मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी करून ठेवा.

अनुदानासाठी मधमाश्या पाळू नका. रिकाम्या पेट्यांत कोंबड्या बसलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

उत्पन्न किती होईल?

पहिल्या वर्षी शून्य धरा. पुढे सातेरीच्या चांगल्या पेटीतून वर्षाला पाच-आठ किलो मध आला तर समाधान माना. मेलिफेरा हलवत राहिलात तर पंचवीस-तीस किलोच्या पुढे जाते, पण त्यातून गाडीभाडं, राखण आणि साखर वजा करा. पोळ्याची पाऊण घरं मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढू नका. पाणी २० टक्क्यांच्या वर असलं तर मध नियमात बसत नाही आणि बाटलीत फसफसतो. विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी हवी. आणि गिऱ्हाइकाला एक सांगाच: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचा नाही.

‘नागपुरी संत्र्याचा मध’ असं लेबल लावायचा मोह होईल. पेट्या भर बहारात बागेतच होत्या, बहाराआधी मधकोठी रिकामी केली होती आणि बहार संपताच मध काढला, असं असेल तरच लावा.

आमच्या पाण्याच्या टाकीवर आग्या मोहोळ आहे. शिकता शिकता ते काढून बघू?

नाही. आग्या शेकड्याने डसतात आणि लांबपर्यंत पाठलाग करतात. दगड, धूर, टेंभा काहीच नको. खालून रस्ता बंद करा, मुलांना लांब ठेवा. बहुतेक मोहोळं हंगाम संपला की आपणच उठून जातात. वर्ध्याकडे संरक्षक पोशाख घालून, पिलावा न तोडता फक्त मधाचा भाग कापून घ्यायची पद्धत लोकांना शिकवली गेली आहे. ते वेगळं शिक्षण आहे आणि पेटीवर काही वर्षं हात बसल्यावरच त्याकडे वळावं.

नोकरी सांभाळून जमेल का? बायकांना जमेल का?

दोन्हींना हो. दोन पेट्यांना आठवड्यातून एक सकाळ लागते, उन्हाळ्यात रोज पाण्याची दहा मिनिटं. मधाने भरलेली मोठी पेटी उचलायला मात्र दोन माणसं लागतात, मग ती कुणीही असोत.

मार्गदर्शकाची गरज कधी संपते?

एक मे आणि एक ऑगस्ट स्वतःच्या वसाहतीसह पार केला, आणि पेटी उघडायच्या आधी ‘आत साधारण काय दिसेल’ ते वहीत लिहून बघितल्यावर बहुतेक वेळा बरोबर निघू लागलं, की आठवड्याचे फोन आपोआप कमी होतात. वसाहतीचं विभाजन पहिल्यांदा करताना त्याला एकदा बोलवा. पुढच्या ऑक्टोबरात आम्ही तुमच्याकडे एखादा नवा माणूस पाठवू. पहिल्या भेटीला आमच्यापैकी कुणीतरी सोबत येईल.